र. धों. कर्वे : लाजेच्या प्रश्नांना शास्त्राचे उत्तर

‘कर्वे’ हे आडनाव उच्चारले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर महर्षी धोंडो केशव कर्वे उभे राहतात. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, शंभरी पार केलेले भारतरत्न. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतही त्यांची गोष्ट मुलांना सांगितली जाते. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचे, रघुनाथरावांचे नाव मात्र घरात फारसे निघत नसे. निघालेच तर आवाज खाली जाई आणि मुलांना बाहेर खेळायला पाठवले जाई. हा माणूस नेमके काय करत होता आणि त्याचा आपल्याशी आज काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक. तेव्हा यातील आरोग्याचा भाग माहिती म्हणून वाचावा, औषधोपचार आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. मूळ गाव कोकणातील दापोलीजवळचे मुरूड. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवा स्त्रीशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या मंडळींनी त्यांना वाळीत टाकले. बाळंतपण स्त्रीच्या जिवावर कसे बेतते आणि समाजाला न रुचणारी गोष्ट केली की काय भोगावे लागते, हे दोन्ही धडे त्या मुलाला लहानपणीच आणि घरातच मिळाले. पुढच्या आयुष्यात त्याने जे केले, त्याची मुळे इथे असावीत असे आम्हाला वाटते.

शिक्षणात मुलगा तेजस्वी. १८९९ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली, गणित हा विषय धरला, अध्यापनाला लागला आणि नंतर पॅरिसला जाऊन गणिताची पदविका मिळवली. फ्रेंच भाषा त्यांना उत्तम येत असे आणि तिकडच्या मोकळ्या विचारांचे वाचनही त्यांनी भरपूर केले. गणिताच्या माणसाला एक सवय असते, सिद्धता दाखवा, मग मान्य करतो. ही सवय रघुनाथरावांनी वर्गाबाहेर काढली आणि ज्या विषयावर आपल्याकडे कोणी तोंड उघडत नसे, त्या विषयाला लावली. तो विषय म्हणजे स्त्री-पुरुषांचे कामजीवन, संततिनियमन आणि गुप्तरोग.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे प्रसिद्ध केंद्र उघडले तेही याच वर्षी. म्हणजे जगाच्या मागे राहून नव्हे, तर जगाच्या बरोबरीने हे काम एका मराठी माणसाने सुरू केले होते. १९२३ मध्ये ‘संततिनियमन : विचार व आचार’ आणि ‘गुप्तरोगांपासून बचाव’ ही पुस्तके आली. त्या वेळी ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. कॉलेज मिशनऱ्यांचे. प्राध्यापकाने असल्या विषयाचा जाहीर प्रचार करावा हे चालकांना पटेना. काम सोडा किंवा नोकरी सोडा, अशी वेळ आली तेव्हा १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली.

आयुष्यभर पगाराच्या तारखेवर घर चालवलेल्या आमच्यासारख्याला या निर्णयाचे वजन चांगले कळते. बांधलेला पगार आणि प्राध्यापकीचा मान हे दोन्ही एका दिवसात गेले. त्यानंतर पैशाची चणचण त्यांना कधी सुटली नाही. पत्नी मालतीबाईंची मात्र त्यांना पूर्ण साथ होती. आपल्याला मूल नको, आयुष्य या कामाला द्यायचे, असे दोघांनी मिळून ठरवले होते. जे लोकांना सांगायचे ते आधी स्वतः पाळायचे, असा त्यांचा बाणा.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. लेख लिहिणे, मुद्रिते तपासणे, अंक टपालात टाकणे, वर्गणीदारांचा हिशेब ठेवणे, जवळपास सारे काम स्वतः रघुनाथरावच करत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, कारण मानवी शरीरात लपवण्यासारखे पाप काही नाही असे त्यांचे मत होते. त्या काळच्या घरांत असा अंक उघड्यावर ठेवणे कठीणच. अंक उशाखाली जाई, पण वाचला जाई. जमाखर्चाच्या नजरेने पाहिले तर हे मासिक म्हणजे सतत तोट्यात चाललेले खाते होते. कोणत्याही शहाण्या माणसाने ते वर्षभरात बंद केले असते. रघुनाथरावांनी ते तब्बल २६ वर्षे चालवले.

या मासिकातले एक सदर वाचकांच्या प्रश्नांचे असे आणि आमच्या मते तेच त्याचे हृदय होते. संततिनियमन म्हटले की आपल्याला वाटते, पत्रे बायकांची येत असतील. प्रत्यक्षात प्रश्न विचारणारे बहुतेक पुरुष असत. शिकलेले, नोकरदार, मध्यमवर्गीय मराठी पुरुष. वडिलांना विचारता येत नाही, भावाला सांगता येत नाही, घरच्या डॉक्टरांसमोर जीभ रेटत नाही, असे प्रश्न ते पोस्टाने पाठवत. हस्तमैथुनाने शरीर खंगते का? झोपेत वीर्य गेले तर काय करावे? लिंगाचा आकार लहान आहे, लग्न करावे की नाही? समागम किती वेळा केला तर अपाय होतो? त्यात कुतूहलापेक्षा भीतीच अधिक होती.

ही भीती कुठून आली हेही समजून घ्यायला हवे. अन्नापासून रस, रसापासून रक्त, असे होत होत शेवटी वीर्य बनते, म्हणून त्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, अशी समजूत आपल्याकडे पूर्वापार आहे. ब्रह्मचर्याचा महिमा सांगणाऱ्या पुस्तकांनी तिला खतपाणी घातले. पाश्चात्त्य वैद्यकातही शंभर-दीडशे वर्षे हस्तमैथुनाने वेड लागते, दृष्टी जाते असे छापले जात होते. वर्तमानपत्रांत धातुपौष्टिक गोळ्यांच्या जाहिराती येत. आधी माणसाला घाबरवायचे आणि मग त्याच भीतीवर औषध विकायचे, असा तो धंदा. महात्मा गांधींसारखे थोर पुरुषही ब्रह्मचर्य हाच संततिनियमनाचा मार्ग सांगत होते. रघुनाथरावांनी त्यांच्याशीही जाहीर मतभेद मांडला. माणूस किती मोठा आहे हे पाहून ते उत्तर बदलत नसत.

त्यांची उत्तरे अगदी त्रोटक असत. हस्तमैथुनाने कोणताही रोग होत नाही. झोपेतले वीर्यपतन हा शरीराचा स्वाभाविक व्यवहार आहे. त्याबद्दलची भीती हाच खरा विकार. ज्याने महिनोन्‌महिने तळमळून पत्र लिहिले, त्याला कधीकधी दोनच ओळी मिळत आणि त्याही फटकळ सुरात. पाठीवरून हात फिरवणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या दोन ओळींनी कितीतरी तरुणांच्या मानेवरचे जोखड उतरले असेल, हे आपण कल्पनेने जाणू शकतो.

आजचे वैद्यकशास्त्र या उत्तरांना दुजोरा देते. वीर्याचा बहुतांश भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथी यांतला पाझर असतो. शुक्रजंतूंचा वाटा त्यात फार थोडा. वृषणात शुक्रजंतू अखंड तयार होत असतात आणि एक शुक्रजंतू पुरता घडायला सुमारे अडीच महिने लागतात. साठा संपून दिवाळे निघावे असे हे खाते नाही. वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो ही समजूत मनाला किती पोखरते, याची नोंद पुढे मनोविकारतज्ज्ञांनीही घेतली. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले.

रघुनाथरावांच्या हयातीतच हार्मोनचे, म्हणजे संप्रेरकांचे शास्त्र उदयाला आले. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या नामांकित शास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्य परत मिळाल्याचे सभेत सांगितले. त्या अर्कात हार्मोन जवळपास नव्हतेच. जे वाटले ते मनाचे समाधान होते. पुढे १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये व्होरोनोफ यांनी माकडाच्या वृषणाचे तुकडे श्रीमंत म्हाताऱ्यांना बसवले. व्हिएन्नाच्या स्टाइनाख यांनी वीर्यनलिका बांधली की तारुण्य परत येते असा सिद्धान्त मांडला. दोन्ही गोष्टी पुढे निराधार ठरल्या. खरे हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, शुद्ध रूपात हाती आले ते १९३५ साली. ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या बुटेनांट आणि रुझिका या दोघांच्या वाट्याला १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल आले.

सिद्धता दाखवा, हा गणिताच्या प्राध्यापकाचा आग्रह किती मोलाचा होता, ते यावरून कळते. नामांकित शास्त्रज्ञ सांगतो म्हणून, श्रीमंत माणसे घेतात म्हणून किंवा जाहिरातीत छापले म्हणून एखादा उपाय खरा ठरत नाही.

पण उत्तरे देण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड बसला. १९३४ सालचा दुसरा खटला तर थेट वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांबद्दल लोकांनी विचारले आणि संपादकाने उत्तर दिले, हा गुन्हा. या वेळी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकच कामविषयक आरोग्याला वाहिलेले आहे, वाचक प्रश्न विचारतात, मग संपादकाने उत्तर द्यायचे नाही तर काय करायचे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. एखाद्याला विषय आवडत नाही म्हणून तो अश्लील होत नाही, हेही त्यांनी मांडले. जगभरच्या अभ्यासकांच्या ग्रंथांचे दाखले दिले. खटला हरला. २०० रुपये दंड झाला. तोट्यातल्या मासिकाच्या मालकाला ही रक्कम काही लहान नव्हती.

बाबासाहेबांचा या विषयातला रस तेवढ्यापुरता नव्हता. १९३८ साली मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाच्या वतीने संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव आणला गेला. तोही फेटाळला गेला. एक ब्राह्मण घरातला नास्तिक प्राध्यापक आणि एक दलितांचा पुढारी या प्रश्नावर एका बाजूला उभे होते आणि बाकीचे सभ्य जग दुसऱ्या बाजूला, असे ते चित्र होते.

दंड भरून रघुनाथराव पुन्हा टेबलाशी बसले. त्याच १९३४ साली त्यांचे ‘आधुनिक कामशास्त्र’ प्रसिद्ध झाले. नंतर आहारशास्त्रावर आणि वेश्याव्यवसायावरही त्यांनी पुस्तके लिहिली. त्यांची सारीच मते आज स्वीकारता येणार नाहीत. सुप्रजननाच्या नावाखाली कोणाला मुले व्हावीत आणि कोणाला होऊ नयेत, याबद्दलचे त्या काळचे विचार त्यांनाही पटत असत. आज ते टोचतात. शास्त्राचा मार्ग धरणाऱ्या माणसाचेही सगळे बरोबर असतेच असे नाही. पण त्याची चूक शास्त्रानेच पुढे दुरुस्त करता येते, एवढा फरक.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्यासाठी नोकरी गेली, ते काम सरकारी धोरण झालेले त्यांना पाहता आले. पण त्यांना कोणी बोलावले नाही, सन्मान केला नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि ‘समाजस्वास्थ्य’ बंद झाले. वडील धोंडो केशव तेव्हा हयात होते. त्यांना भारतरत्न मिळाले ते मुलाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. पुढे य. दि. फडके यांनी रघुनाथरावांचे चरित्र लिहिले, २००१ मध्ये अमोल पालेकरांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

आता आपल्याकडे वळू. आमच्या वयाच्या मंडळींच्या कट्ट्यावर साखर, गुडघे, मोतीबिंदू यांवर तासन्‌तास चर्चा चालते. ‘त्या’ विषयावर मात्र विनोद होतात, प्रश्न विचारला जात नाही. रघुनाथरावांचे सदर आज असते, तर आपल्यातली कोणती पत्रे तिथे गेली असती आणि आजचे शास्त्र काय उत्तर देते, ते थोडक्यात सांगतो.

वय वाढते तसे टेस्टोस्टेरॉन कमी होते हे खरे, पण ते हळूहळू, चाळिशीच्या आसपासपासून वर्षाला साधारण एक टक्का. बायकांची पाळी जाते तसा पुरुषांत एकदम थांबण्याचा टप्पा नसतो. नुसता थकवा आला म्हणून हार्मोन कमी झाले असे होत नाही. वाढलेले पोट, मधुमेह, अपुरी झोप, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणे, दारू, काही औषधे यांचाही परिणाम होतो. तपासणी करायचीच तर रक्त सकाळी द्यावे लागते, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. एका कागदावरून इंजेक्शन सुरू करू नये. व्यायामशाळेत सांगोवांगी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या आपल्या नातवंडांना हे जरूर सांगावे की, बाहेरून हार्मोन घेतले की वृषणातले शुक्रजंतूंचे काम थंडावते आणि मूल होण्यात अडचण येते.

लिंगाला ताठरता न येणे हे नेहमी मनाचे दुबळेपण नसते. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, म्हणून तक्रार तिथे आधी दिसते आणि हृदयाचा त्रास काही वर्षांनी. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू ही त्याची नेहमीची कारणे. तेव्हा ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवणे म्हणजे धोक्याची घंटा कापसात गुंडाळून ठेवणे. यावर चांगली औषधे आहेत, पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक चूर्णांत हेच औषध गुपचूप मिसळलेले वारंवार सापडले आहे, म्हणून तीही धोक्याची.

नसबंदीने पुरुषत्व जाते, ही भीती तर रघुनाथरावांच्या काळापासून चालत आली आहे. नसबंदीत फक्त शुक्रजंतूंची वाट बंद होते. टेस्टोस्टेरॉन थेट रक्तात मिसळते, त्याला त्या नळीची गरजच नसते. ताकद, इच्छा, आवाज, दाढी, सारे जसेच्या तसे राहते. शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी, तरी आपल्या घरांत ती बहुधा बाईवरच ढकलली जाते. बाळंतपणात आई गमावलेल्या मुलाने हे सारे काम का मांडले असेल, ते इथे ध्यानात येते.

रात्री चार-चारदा उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे हे साठीनंतर बहुधा प्रोस्टेट वाढल्याने होते. वाढलेली प्रोस्टेट म्हणजे कर्करोग नव्हे. पण लघवीत रक्त दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

यातले एकही उत्तर गुप्त राहिलेले नाही. जवळच्या दवाखान्यात, अर्ध्या तासाच्या भेटीत ते मिळते. रघुनाथरावांच्या वाचकांना ती सोय नव्हती, म्हणून त्यांनी एका अनोळखी प्राध्यापकाला पत्रे लिहिली. त्या उत्तरांसाठी त्या प्राध्यापकाने नोकरी गमावली आणि दोनदा दंड भरला. आपल्याला फक्त डॉक्टरांच्या खोलीचे दार लोटायचे आहे आणि विचारायचे आहे. मंडळाच्या पुढच्या आरोग्य व्याख्यानाला पुरुषांच्या प्रश्नांसाठी एक चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी, नाव लिहिण्याची सक्ती नसावी, अशी आमची कार्यकारिणीला नम्र सूचना आहे. पेटीत पहिली चिठ्ठी आम्ही टाकू.